आईचा उपासाचा चहा

हे मी आजवर कुणाला पूर्ण सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्याला, निखिलला, अर्धं माहीत आहे—आणि अर्धं माहीत असलेला माणूस फारसे प्रश्न विचारत नाही, हा माझा अनुभव. उरलेलं अर्धं तुम्हाला सांगते. तुम्ही आईला ओळखत नाही, मलाही ओळखत नाही, म्हणून सोपं जातंय. धाडस वगैरे काही नाही.

गोष्ट एका चहाची आहे. तुम्हाला हसू येईल कदाचित. चहात काय एवढं, असं म्हणाल. मीही बरेच दिवस स्वतःला तेच म्हणत होते.

आधी माझं काम सांगायला हवं. मी लेबलं वाचते. परदेशातून सिडनीत येणारं खाण्यापिण्याचं सामान दुकानात लागण्याआधी त्याच्या पाकिटावरचा मजकूर इथल्या नियमात बसतो का, ते तपासायचं आणि खाली सही करायची—हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यातला पहिला नियम अगदी साधा आहे. जे वजनाने सगळ्यात जास्त, ते यादीत सगळ्यात आधी. मग त्याहून कमी, मग त्याहून कमी. पाकिटावरचे डोंगर, फुलं, हसरी म्हातारी हे सगळं सोडून द्यायचं. खरं काय ते यादीच्या पहिल्या दोन शब्दांत असतं.

आईला माझ्या नोकरीचं नाव कधी धड सांगता आलं नाही. ती नातेवाइकांना सांगते, "आमची शुभा पाकीट बघून आत काय आहे ते ओळखते." ऐकणाऱ्याला वाटावं, मी पत्रिका बघते.

आई नाशिकची. बाबा गेल्यापासून एकटी राहते. गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी ती सहा-सात महिन्यांसाठी आमच्याकडे आली, सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलला. येताना बॅगेत कपडे कमी आणि भाजण्या-मेतकूट जास्त, आणि सगळ्यात वर, चुरगळू नये म्हणून साडीत गुंडाळलेली, भिंतीवरची दिनदर्शिका. तिच्या एकादशांसाठी. इथली तिथी आणि तिथली तिथी कधीकधी एका दिवसाने चुकते, हे मी तिला समजावून पाहिलं. ती म्हणाली, "देवाचं घड्याळ नाशिकचंच." विषय संपला.

या एकादशा तिने माझ्यासाठी धरल्या होत्या. सतरा वर्षांपूर्वी मी शिकायला म्हणून विमानात बसले, त्याच आठवड्यात. पोरगी परक्या मुलखात सुखरूप राहू दे, तिचं बस्तान बसू दे—असा काहीतरी संकल्प. तेव्हापासून महिन्याला दोन, एकही न चुकवता. बाबांचे दिवस चालू असताना एकादशी आली, तीही पाळली. ताप असताना पाळली. तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या बायका करतातच उपास. करतात. पण आई हे व्रत नुसतं करत नव्हती. ते तिचं कर्तृत्व होतं. ती शिकली नव्हती, नोकरी केली नव्हती, बाबांपुढे कधी मोठ्याने बोलली नव्हती. 'एकदाही मोडली नाही' हे एक वाक्य तिचं स्वतःचं होतं.

आणि तिची शिस्त! एकादशीला ज्या भांड्यात आदल्या दिवशी भात झाला ते भांडं चालायचं नाही, घासलेलं असलं तरी. डाव वेगळा. ओटा दोनदा पुसायचा. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मेन स्ट्रीटवरच्या दुकानात आम्ही भगर घ्यायला गेलो. निखिलने पाकीट उचलून मोठ्याने वाचलं, त्यावर इंग्रजीत 'राईस' म्हटलेलं होतं. आईने हात असा मागे घेतला की पाकीट तापलेलं असावं. मी म्हटलं, "आई, इथे भगरीला तसं म्हणतात फक्त. तांदूळ नाही तो." तिने माझ्याकडे पाहिलं आणि पाकीट पिशवीत टाकलं. "तू म्हणतेस ना, मग झालं."

हा प्रसंग मुद्दाम सांगितला. माझ्या शब्दाला तिच्याकडे काय वजन होतं, ते कळावं म्हणून.

आता चहा. 'गेनमायचा' म्हणतात त्याला. जपानी हिरवा चहा आणि त्यात भाजलेला हातसडीसारखा तांदूळ—ब्राउन राईस. काही दाणे फुटून त्यांच्या लाह्या झालेल्या असतात. आमच्याकडे तपासायला आला होता, पिशव्यांचा, म्हणजे टी-बॅगचा. उरलेले नमुने कुणीही घरी न्यावेत अशी आमच्या ऑफिसात पद्धत आहे. मी दोन खोके आणले. त्या पाकिटावर पहिलं नाव चहाचं नव्हतं. तांदळाचं होतं. म्हणजे वजनाने तांदूळ जास्त, चहा कमी. हे मी वाचलं होतं, तपासलं होतं, आणि त्याखाली माझी सही होती.

चव चांगली असते. ताप उतरल्यावर तांदूळ भाजून त्याची पेज करतात, तिच्या वासाच्या जवळ जाणारी. आपल्या माणसाला पहिल्या घोटात आवडते.

जूनमध्ये इथे थंडी. आमचं युनिट, म्हणजे फ्लॅट, गारठलेलं, हीटर एकच. दुधाच्या चहाने आईला पित्त व्हायचं, रिकाम्या पोटी जास्तच. एका दुपारी मी घरून काम करत होते, स्वतःसाठी गेनमायचा करताना तिलाही एक मग दिला. तिने अर्धा प्यायला, हात शेकले, आणि मग म्हणाली, "अगं, आज एकादशी. हा चालतो ना?"

मी विसरले होते. खरंच विसरले होते. आणि समोर अर्धा रिकामा मग, तिचा थंडीने लाल झालेला चेहरा—काय सांगणार होते? मी म्हटलं, "चालतो. नुसता चहाच आहे."

ती म्हणाली, "पेजेसारखा वास येतोय गं."

"पान भाजतात ते," मी म्हटलं. "जपानमध्ये चहाचं पान भाजायची रीत आहे."

ही रीत आहे, हे खरं आहे. दुसऱ्या एका चहाची आहे. चांगलं खोटं बोलायला थोडं खरं ठाऊक असावं लागतं. आईने पुन्हा वास घेतला आणि म्हणाली, "माझं नाकच गेलं वाटतं या थंडीत."

निखिलला माहीत असलेलं अर्धं ते हे. तो स्वयंपाकघरात आला, खोक्यावरचं वाचलं आणि हळू आवाजात म्हणाला, "अगं, यात राईस आहे ना?" मी म्हटलं, "पिऊन झाला तिचा. आता सांगून काय करू?" तो म्हणाला, "फेअर इनफ." आणि पुन्हा त्याच्या मीटिंगला गेला.

इथपर्यंत तुम्हीही मला माफ केलं असतं, नाही का? सतरा वर्षांचं व्रत, एका विसराळूपणाने मोडलं, आणि मुलीने आईचं मन राखलं. मीसुद्धा मनातल्या मनात ही गोष्ट इथपर्यंतच सांगत आले. इथे थांबली की ती बरी दिसते.

ती इथे थांबली नाही.

पुढची एकादशी पंधरा दिवसांनी. ती मी विसरले नव्हते. दिनदर्शिका फ्रीजच्या शेजारीच होती. सकाळी कामाला निघताना मी स्वतः किटली लावली, ती पिशवी मगात टाकली, आणि चहा आईपुढे नेऊन ठेवला. "घे, तुझा उपासाचा चहा." हे नावही मीच दिलं. तिने विचारलं नव्हतं, मागितला नव्हता.

का? हे सांगायला मला वर्ष लागलंय, तेव्हा थोडं सावकाश सांगते.

त्या दोन एकादशांच्या मधल्या रविवारी आई मावशीशी फोनवर बोलत होती. व्हिडिओवर, त्यामुळे मोठ्याने. मी कांदा चिरत होते. आई सांगत होती की शुभाला इथे काही म्हणजे काही त्रास झाला नाही. गेली काय, शिकली काय, पी.आर. मिळाली काय, सगळं अलगद. "माझ्या एकादशा फळाला आल्या, दुसरं काय," ती म्हणाली.

मी सुरी खाली ठेवली होती, हे आठवतं. अलगद! हॅरिस पार्क उपनगरातल्या दोन खोल्यांत आम्ही सहा मुली राहायचो. एका हॉटेलच्या मोरीत मी दोन वर्षं करपलेल्या कढया घासल्या, हाताची कातडी निघायची. कायमचं राहायच्या परवानगीचा, पी.आर.चा, पहिला अर्ज फेटाळला गेला तेव्हा मी तीन दिवस अंथरुणातून उठले नव्हते. यातलं श्रेय कुणाचं? साबुदाण्याचं?

मला राग आला होता. साधा, कोता राग. आता खरं तर हे सगळं आईला ठाऊकच नव्हतं, कारण मीच कधी कळवलं नव्हतं. फोनवर "मी मजेत" म्हणायचे. ज्या गोष्टी मी तिच्यापासून लपवल्या, त्या तिला माहीत नाहीत म्हणून मी तिच्यावर चिडले. न्याय बघा.

मग मी तिला चहा देऊ लागले. प्रत्येक एकादशीला. सकाळी एक, दुपारी एक. सांगायची लाज वाटते, पण सांगते—मला बरं वाटायचं. ती घोट घ्यायची आणि माझ्या आत कुठेतरी एक थंड समाधान व्हायचं. तुझ्या उपासावर माझं आयुष्य उभं आहे म्हणतेस ना? मग बघ, उपास कधीच मोडला आणि मी तशीच उभी आहे. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. तिला कळावं अशी इच्छाही नव्हती. मला एकटीला ठाऊक असणं पुरत होतं.

वर सांगितलेली कारणं—थंडी, पित्त, विसराळूपणा, तिचं मन राखणं—ती मी आधी लिहिली आणि हे सगळ्यात शेवटी. आमच्या धंद्यात असं पाकीट परत पाठवतात.

एक एकादशी जास्त लक्षात आहे. आषाढीची. आईने आदल्या दिवशीच भगर ताटात पसरली होती आणि चष्मा नाकावर ओढून, बोटाने एकेक दाणा सरकवत निवडत होती. तिला त्यात तांदळाचा एक दाणा सापडला. एक. तिने तो चिमटीत धरून मला दाखवला, आणि सगळी भगर कबुतरांसाठी बाल्कनीत टाकली. मग हात धुऊन म्हणाली, "राहू दे, उद्या मी तुझ्या चहावरच राहीन." आणि दुसऱ्या दिवशी राहिली. चार मग प्यायली. संध्याकाळी आमच्या बिल्डिंगमधल्या दोन मराठी बायका तिला भेटायला आल्या, त्यांचेही उपास होते. आईने मला त्यांच्यासाठीही तोच चहा करायला लावला. "शुभाने शोधून काढलाय," ती म्हणाली. मी ट्रे नेऊन ठेवला. एकीने खोक्याचा फोटो मागितला, तेव्हा मी म्हटलं, ऑफिसचा नमुना आहे, दुकानात नाही मिळत. तेही खोटं. सुपरमार्केटात मिळतो.

ऑक्टोबरात एका एकादशीला आईला बाथरूममध्ये चक्कर आली. मधुमेहाच्या गोळ्या आणि रिकामं पोट. आमच्या डॉक्टरीणबाई दिल्लीकडच्या आहेत, त्यांनी तिचा हात हातात घेऊन सांगितलं, "आंटी, ये फास्टिंग अब बस." घरी येऊन आई दिनदर्शिकेसमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, अर्धवट सोडायचं नाही. कार्तिकीची एकादशी करायची, द्वादशीला रीतसर उद्यापन करायचं आणि मग थांबायचं. व्रत संपवलं असं झालं पाहिजे, सुटलं असं नको.

कार्तिकीच्या सकाळीही मी तिला तो चहा दिला. तेव्हा माझा राग केव्हाच गेला होता. मग का दिला? कारण तिने मागितला, आणि न देण्यासाठी काहीतरी सांगावं लागलं असतं.

उद्यापनाला पेंडल हिलचे एक गुरुजी आले. एरवी ते कुठल्याशा वेअरहाऊसमध्ये काम करतात. द्वादशी आडवारी होती, त्यांनी शिफ्ट बदलून घेतली. पंचामृताचं सामान एस्कीत, म्हणजे सहलीच्या थंड पेटीत, घालून आणलं होतं, बर्फासकट. माणूस चांगला, मंत्र स्वच्छ, प्रत्येक गोष्ट मराठीत समजावून सांगणारे. पूजा संपत आली तेव्हा ते आईला म्हणाले, "काकू, एवढ्या वर्षांत कधी चुकून काही पोटात गेलं असेल, काही राहिलं असेल, तर आत्ता सांगा. त्याचं वेगळं उदक सोडतात. नो वरीज, दोन मिनिटांचं काम आहे. झालं की व्रत पूर्ण."

ऐकलंत? दोन मिनिटांचं काम होतं.

आई ताठ बसली. म्हणाली, "एक कण गेलेला नाही, गुरुजी. तिकडे माझी मी बघत होते, इथे हिने बघितलं. हिला विचारा. ही लेबलं वाचते."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. दाराशी निखिल उभा होता, त्यानेही पाहिलं. आणि आई पाहत होती, आधीच हसत, कारण उत्तर तिला ठाऊक होतं.

"हो," मी म्हटलं. "एक कण नाही."

भीती वाटली म्हणून? तिचा चेहरा उतरेल म्हणून? दोन्ही. पण त्याहून जास्त वजनाचं कारण म्हणजे, एक सांगितलं असतं तर बाकीचं बाहेर आलं असतं. पहिला मग चुकून, हे कुणीही समजून घेतलं असतं. मग दुसरा? मग तिसरा?

गुरुजी पुढे जाणार, तेवढ्यात आई म्हणाली, थांबा. तिला आणखी एक करायचं होतं. या सगळ्या एकादशांचं पुण्य तिला माझ्या नावे सोडायचं होतं. गुरुजी म्हणाले, पोथीत नाही, पण आईची इच्छा असेल तर हरकत नाही. आईने मला जवळ बोलावलं, ओंजळ धरायला सांगितली, बाल्कनीतल्या कुंडीतलं तुळशीचं पान त्यात ठेवलं आणि पळीने हळूहळू पाणी सोडलं. "हिच्यासाठीच केलं होतं," ती म्हणाली, "हिचं हिला दिलं." पाणी माझ्या बोटांच्या फटीतून ताम्हनात पडत होतं. मी ओंजळ घट्ट धरली नाही. सैलही सोडली नाही. तिच्या पाया पडले, आणि जेवणाची पानं घ्यायला उठले.

आई बरी आहे. नाशिकला आहे, रोज फोन होतो, कान-डोळे शाबूत आहेत. म्हणजे सांगायला उशीर झालाय, असंही म्हणता येत नाही. मी सांगितलेलं नाही, इतकंच.

तिच्या विमानाच्या आधी आणखी एक एकादशी आली. उद्यापनानंतरची पहिली. आता डॉक्टरांचीही परवानगी होती आणि देवाचीही, म्हणून मी मुद्दाम साधा वरण-भात केला, वर तूप, लिंबाची फोड. आई पानावर बसली. भात कालवला, घास केला, उचलला. आणि हात तिथेच राहिला. तिने तो खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग ताट हळूच बाजूला सारलं.

"नाही गं," ती म्हणाली. "सतरा वर्षं झाली. हात तोंडाकडे जात नाही."

मी ताट उचललं. बाहेर उन्हाळा सुरू झाला होता, युनिटमध्ये पंखा गरगरत होता, गरम काही प्यायची ती वेळ नव्हती.

"तू असं कर," आई म्हणाली, "मला आपला तो चहा दे. तेवढा मला चालतो."

मी किटली लावली. पिशवी मगात टाकली, पाणी ओतलं, थांबले, आणि नेऊन दिला. तिने तो तळापर्यंत प्यायला.